हिब्रू पुन्हा बोलती कशी झाली



मराठीच्या भवितव्यावर कुठंही सभा भरली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. कुणीतरी उठतं आणि म्हणतं, "अहो, त्या ज्यूंकडे बघा! दोन हजार वर्षं मेलेली भाषा त्यांनी जिवंत केली, आणि आपण जिवंत भाषा मारायला निघालोय." टाळ्या पडतात. भावना खरी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वाक्यातला 'मेलेली' हा शब्द बरोबर नाही, 'त्यांनी' म्हणजे नेमकं कुणी हे कळत नाही, आणि या कामाची किंमत कुणी मोजली याचा तर उल्लेखही नसतो. आजचा तास त्यासाठी. मी भाषाशास्त्राचा माणूस नाही, आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तेव्हा मधूनमधून माझी गाडी त्या रुळावर जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

आधी 'मेलेली' या शब्दाकडे बघू. इसवी सन १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी रोमनांविरुद्ध बंड केलं. रोमनांनी ते इतक्या निर्दयपणे मोडून काढलं की जेरुसलेमच्या आसपासचा यहुदिया प्रांत उद्ध्वस्त झाला. सभोवती अरामी भाषेचा पसारा आधीपासून होताच. साधारण २००च्या सुमारास मिश्ना हा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ हिब्रूत संकलित झाला, आणि त्यानंतर हिब्रू ही कुणाच्या घरची भाषा राहिली नाही. इथपर्यंत सभेतल्या वक्त्याचं बरोबर आहे.

पण पुढच्या सतराशे वर्षांत या भाषेत लिहिणं एका पिढीपुरतंही थांबलं नाही. स्पेनमध्ये येहुदा हालेवीसारख्या कवींनी तिच्यात कविता केल्या. बाराव्या शतकात मायमोनिडीसनं आपला धर्मशास्त्राचा ग्रंथ हिब्रूत लिहिला. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ मात्र अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत. दूरदूरच्या गावांतले धर्मपंडित एकमेकांना शंका विचारायचे आणि उत्तरं द्यायचे, ती पत्रं हिब्रूत. करारमदार हिब्रूत. लहान मुलगे चार-पाच वर्षांचे झाले की 'खेदेर' नावाच्या पाठशाळेत जाऊन बसायचे आणि अक्षरं घोकायचे. आपल्याला हे चित्र समजायला अवघड जाऊ नये. काशीचा पंडित आणि कांचीचा पंडित भेटले तर कुठल्या भाषेत बोलतील? अगदी तशीच परिस्थिती. संस्कृतला कुणी मेलेली म्हटलं तर आपल्याकडचे शास्त्री अंगावर येतील, आणि एका अर्थानं त्यांचं बरोबरच असेल.

मग हिब्रूत नव्हतं काय? स्वयंपाकघर नव्हतं. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला काय म्हणायचं, भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची, शेजारणीची कागाळी कशी करायची, हे तिच्यात उरलं नव्हतं. याचं एक कारण असं की ही पुरुषांची भाषा होती. मुलींना खेदेरमध्ये घालत नसत. पूर्व युरोपातल्या ज्यू घरात आई यिद्दिश बोलायची, तिची प्रार्थनेची पुस्तकंही पुष्कळदा यिद्दिशमध्ये असायची. 'मातृभाषा' हा शब्द आपण सहज वापरतो, पण हिब्रूच्या बाबतीत तो अक्षरशः लागू पडत नव्हता. ही बापाची आणि गुरुजींची भाषा होती. हे लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात ही भाषा देवळातून, म्हणजे सिनेगॉगमधून, बाहेर पडायला लागली होती. १८५३मध्ये आब्राहम मापूची पहिली हिब्रू कादंबरी आली. १८५६मध्ये 'हा-मागीद' हे हिब्रू साप्ताहिक सुरू झालं. वर्तमानपत्र निघालं म्हणजे तारांच्या बातम्या आल्या, बाजारभाव आले, युद्धं आली. या सगळ्याला शब्द हवेत. बायबलच्या शब्दसंपत्तीत ते कुठून मिळणार? मग लेखक लांबलचक वळसे घालायचे. चष्म्याला 'डोळ्यांची घरं' म्हणायचे. पुढे १८८६च्या सुमारास मेंदेले नावाच्या लेखकानं, जो मधल्या काळात यिद्दिशकडे गेला होता, परत येऊन बायबल, मिश्ना आणि मधल्या काळातली हिब्रू या सगळ्या थरांचं मिश्रण करून एक लवचीक गद्य घडवलं. आधुनिक हिब्रूच्या बांधणीत त्याचा वाटा फार मोठा आहे. पण त्याची गोष्ट नाट्यमय नाही, म्हणून ती सभेत कुणी सांगत नाही.

नाट्यमय गोष्ट आहे एलिएझर बेन-येहुदाची. आता तिच्याकडे वळू.

हा माणूस १८५८ साली रशियन साम्राज्यातल्या लुझ्की या लहान गावात जन्मला. ते आज बेलारूसमध्ये आहे. मूळ आडनाव पर्लमन. पाठशाळेत असताना त्याच्या हाती 'रॉबिन्सन क्रूसो'चं हिब्रू भाषांतर पडलं. धर्मग्रंथांच्या भाषेत एका निर्जन बेटावरच्या खलाशाची गोष्ट! त्या वयात असं पुस्तक डोक्यात घर करतं. १८७७-७८मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांचं युद्ध झालं, बल्गेरियन लोकांना त्यांचं राष्ट्र मिळालं. या पोराच्या मनात आलं, बल्गेरियनांना मिळतं तर आम्हाला का नाही? १८७९मध्ये व्हिएन्नाहून निघणाऱ्या 'हा-शाहर' मासिकात त्यानं हा प्रश्न मांडला. तोवर तो वैद्यकी शिकायला पॅरिसला गेला होता आणि क्षयानं पछाडला होता. प्रकृतीसाठी डॉक्टरांनी अल्जीरियाला पाठवलं, तिथं त्यानं स्थानिक ज्यूंच्या तोंडून हिब्रूचे वेगळे उच्चार ऐकले. पोलंड-रशियाकडचे ज्यू ज्याला 'शाब्बोस' म्हणत, त्याला हे 'शब्बात' म्हणत. त्याला हे उच्चार आवडले, आणि पुढे नव्या हिब्रूनं ते घेतले.

१८८१मध्ये तो बायकोला, देव्होराला, घेऊन जेरुसलेमला आला. त्यानं तिला सांगितलं, इथून पुढे घरात फक्त हिब्रू. तिला हिब्रू फार येत नव्हती. (आधी म्हटलं ना, मुलींना शिकवत नसत.) १८८२मध्ये मुलगा झाला, बेन-झिओन. हाच पुढे इतामार बेन-आवी या नावानं पत्रकार झाला. बापाचा हुकूम असा की पोराच्या कानावर दुसऱ्या कुठल्याही भाषेचा शब्द पडता कामा नये. पाहुणे आले तर त्याला दूर ठेवायचं. सवंगडी नाहीत. इतामारनं पुढे आपल्या आठवणींत लिहिलंय की तो बराच मोठा होईपर्यंत बोललाच नाही, आणि एकदा आई त्याला रशियन अंगाईगीत म्हणून झोपवत होती ते ऐकून बाप संतापानं बेभान झाला.

या गोष्टीला टाळ्या मिळतात. मला मात्र ती वाचताना देव्होराची आठवण येते. परक्या गावात, पैशाची ओढाताण, नवरा क्षयी, आणि स्वतःच्या मुलाला झोपवायला स्वतःच्या आईनं म्हटलेलं गाणं म्हणायची बंदी. ती १८९१मध्ये क्षयानंच गेली. तिच्यामागोमाग तीन लहान मुलं घटसर्पानं गेली. बेन-येहुदानं नंतर तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं; तिनं हेम्दा हे हिब्रू नाव घेतलं आणि पुढे नवऱ्याच्या शब्दकोशासाठी आयुष्य वेचलं.

जेरुसलेमच्या सनातनी मंडळींनी त्याला वाळीत टाकलं. त्यांचा मुद्दा आपण हसण्यावारी नेऊ नये. ज्या भाषेत देव बोलला, त्या भाषेत मच्छीबाजारातला भाव विचारायचा? पवित्र वस्तू रोजच्या वापरात आणली की तिचं पावित्र्य झिजतं, असं त्यांना वाटत होतं. तसं ते झिजतंच. पुढे १८९३-९४च्या सुमारास त्याच्या वर्तमानपत्रातल्या एका लेखाचा अर्थ तुर्की सत्तेविरुद्ध बंड असा लावला गेला आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं.

आता मी माझ्या रुळावर जातो. पतंजलीच्या महाभाष्यात सुरुवातीलाच एक सुंदर निरीक्षण आहे. ज्याला मडकं हवं असतं तो कुंभाराच्या घरी जाऊन म्हणतो, बाबा, मला एक मडकं करून दे. पण ज्याला बोलायचं असतं तो काही वैयाकरणाच्या घरी जाऊन म्हणत नाही की मला चार शब्द करून द्या, मला वापरायचेत. शब्द लोकांत असतात, वैयाकरण फक्त त्यांची व्यवस्था लावतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण जगातल्या बहुतेक सगळ्या भाषांना लागू पडतं. आणि इथं जेरुसलेममध्ये एक घर असं उघडलं होतं की जिथं लोक खरोखरच शब्द मागायला येत होते! १८९०मध्ये बेन-येहुदा आणि त्याच्या मित्रांनी एक भाषा समितीही काढली. ती काही काळ मोडली आणि १९०४मध्ये पुन्हा उभी राहिली. शिक्षक विचारायचे, व्यायामाच्या तासाला काय म्हणू? सुतार, माळी, हिशेबनीस, सगळ्यांना आपापले शब्द हवे होते.

हे शक्य झालं कारण हिब्रू ही धातूंची भाषा आहे. तीन व्यंजनांचा धातू घ्यायचा, त्याला साच्यात घालायचं. क-त-ब हा लिहिण्याचा धातू अरबीतही आहे, त्यामुळे किताब, कातिब, मकतब हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. हिब्रूत त्यावरून मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता, क्तीव म्हणजे शुद्धलेखन. विचार करणं, हिशेब करणं याचा धातू ह-श-ब. त्याला यंत्राच्या साच्यात घातला की माहशेव, म्हणजे संगणक. धातू आणि प्रत्यय यांची सवय असलेल्या माणसाला हे बघून घरी आल्यासारखं वाटतं. 'मिला' म्हणजे शब्द, त्यावरून बेन-येहुदानं 'मिलोन' केला, शब्दकोश. 'एत' म्हणजे काळ, त्यावरून 'इतोन', वर्तमानपत्र. 'डोळ्यांची घरं' जाऊन 'मिश्काफायिम' आले. विजेसाठी 'हाश्माल' हा शब्द कवी येहुदा लेब गॉर्डननं सुचवला. यहेज्केलच्या ग्रंथात पहिल्याच अध्यायात देवाचं तेज दिसतं, त्या तेजाला हा गूढ शब्द आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'एलेक्ट्रॉन' म्हटलं होतं, म्हणजे अंबर, आणि युरोपीय भाषांतला विजेचा शब्दही तिथूनच आला. म्हणजे प्रेषिताला दिसलेलं तेज आज घरोघरी बिलावर छापून येतं. सनातनी म्हणत होते ते हेच.

पण कुंभाराची सगळी मडकी खपत नाहीत. टोमॅटोला बेन-येहुदानं अरबीवरून 'बादुरा' हा शब्द काढला. लोकांनी घेतला 'अगवानिया', जो वासनेच्या, प्रेमाच्या धातूवरून दुसऱ्या कुणी केला होता. बेन-येहुदाला तो असभ्य वाटायचा. आज तिथं टोमॅटोला अगवानियाच म्हणतात. विमानाला इतामारनं एक शब्द केला होता, टिकला तो कवी बिआलिकनं केलेला, 'मातोस'. टेलिफोनला 'साह-राहोक', दूरचा संवाद, हा शब्द होता. लोक टेलिफोनच म्हणत राहिले. एवढंच नाही, तर त्यांनी त-ल-फ-न असा चार व्यंजनांचा धातूच बनवून टाकला आणि त्याची रूपं चालवायला लागले. परका शब्द पचवणं याला म्हणतात. आपल्याकडे सावरकरांच्या भाषाशुद्धीतले दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द रुळले, काही रुळले नाहीत. 'दूरध्वनी' निमंत्रणपत्रिकेवर राहिला आणि तोंडात फोनच राहिला. शब्द घडवणाऱ्याच्या हाती यापलीकडे काही नसतं. पतंजली शेवटी बरोबरच होता.

आता मुख्य मुद्दा. बेन-येहुदाच्या घरात जे झालं त्यानं हिब्रू बोलती झाली का? माझं उत्तर नाही असं आहे. विट्गेन्स्टाइननं असं दाखवून द्यायचा प्रयत्न केला की फक्त एकट्याची, खासगी अशी भाषा असूच शकत नाही. भाषा ही जगण्याच्या सामाईक रीतीत असते. त्याचा युक्तिवाद वेगळ्या संदर्भात आहे, पण इतामारच्या बालपणाकडे बघताना तो मला सारखा आठवतो. एक मूल आणि त्याचे आईबाप. ज्याच्याशी भांडायचं, खेळात ज्याला फसवायचं, ज्याला चिडवायचं असा दुसरा पोरगाच नाही. ती एका घराची शिस्त होती.

भाषा झाली ती गावांत आणि शाळांत. १८८२पासून युरोपातून येणाऱ्या ज्यूंनी किनारपट्टीवर आणि गॅलिलीत शेतीची गावं वसवली. रिशोन लेझिओन हे त्यांतलं एक. तिथं १८८६मध्ये सगळे विषय हिब्रूतून शिकवणारी शाळा निघाली. पाठ्यपुस्तकं नाहीत. शिक्षकांनाही हिब्रू बोलायची सवय नाही. पक्ष्यांची, झाडांची, खेळांची नावं त्यांनाच माहीत नाहीत. दिवसा शिकवायचं आणि रात्री उद्याचे शब्द शोधायचे. गॅलिलीतला यित्सहाक एपश्टाइन हा शिक्षक हिब्रूतूनच हिब्रू शिकवण्याच्या पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता: भाषांतर नाही, वस्तू दाखवायची, कृती करायची, बोलायचं. १८९८मध्ये रिशोनमध्येच हिब्रू बालवाडी सुरू झाली. १९०३मध्ये झिख्रोन याकोव्ह इथं शिक्षकांची परिषद भरली आणि हिब्रू माध्यम आणि 'शब्बात'वाले उच्चार हे धोरण ठरलं. १९०५मध्ये याफात हिब्रू माध्यमिक शाळा निघाली, ती पुढे नव्या तेल अवीव शहराची शान झाली.

माझ्या मते या साखळीतली सगळ्यात महत्त्वाची कडी बालवाडी आहे. तिथं शिकवायला स्त्रिया आल्या. सतराशे वर्षं जी भाषा मुलींना शिकवत नव्हते, तिच्यात आता बाई तीन वर्षांच्या पोरांना नाक पुसायला सांगत होत्या, गाणी म्हणत होत्या. पोरं घरी जाऊन आईला हिब्रू शिकवायला लागली. भाषेचा प्रवाह उलटा वाहिला: मुलाकडून आईकडे. ही पोरं मोठी झाली, त्यांची आपापसात लग्नं झाली, आणि त्यांच्या घरात जन्मलेल्या बाळाला हिब्रू शिकवावी लागलीच नाही. हे सगळं पंचवीस-तीस वर्षांत झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी हिब्रू ही आपली भाषा म्हणून नोंदवली.

पण पोरांनी ती उचलली का? शिक्षक तळमळीचे होते म्हणून? तळमळीचे शिक्षक आयर्लंडमध्येही होते. इथं एक वेगळी गोष्ट जुळून आली होती. जेरुसलेमच्या बाजारात जुन्या काळापासून यिद्दिश बोलणारे ज्यू होते, लादिनो बोलणारे होते, अरबी बोलणारे होते. येमेनचे, बुखाऱ्याचे, जॉर्जियाचे होते. त्यांना एकमेकांशी बोलायला मोडकीतोडकी हिब्रूच कामाला यायची. नव्या गावांतही वेगवेगळ्या देशांतून आलेली कुटुंबं. सगळ्यांच्या ओळखीची, आणि तरीही कुणा एकाच्या मालकीची नसलेली अशी भाषा एकच होती. हिब्रूला गरजेचा वारा मिळाला. आपल्या सभेतल्या वक्त्याला मला हे सांगावंसं वाटतं. मराठीची अडचण शब्दांची नाही. शब्द तर आपल्याकडे शासनाच्या कोशांत पोत्यानं पडलेत. मराठी घरांतली दोन मुलं शाळेच्या आवारात भेटतात तेव्हा त्यांच्यापुढे मराठीशिवाय दुसरी भाषा तयार असते, आणि ती बोलली तर मोठी माणसं कौतुक करतात. ही परिस्थिती हिब्रूच्या परिस्थितीच्या बरोबर उलटी आहे. तिकडचं औषध इकडच्या रोगाला लागू पडेलच असं नाही.

सगळं प्रेमानं झालं असंही नाही. १९१३चा प्रसंग बघा. हैफाला एक तंत्रशिक्षण संस्था उभी राहत होती. पैसा उभा करणारी मुख्य संस्था जर्मन ज्यूंची. त्यांनी ठरवलं, शास्त्रविषय जर्मनमधून शिकवायचे. त्यांचा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे: शास्त्राची पुस्तकं हिब्रूत आहेत कुठं? मुलांचं भवितव्य बघायला नको का? शिक्षकांनी राजीनामे दिले, विद्यार्थी संपावर गेले, सभा झाल्या, वेगळ्या हिब्रू शाळा काढल्या गेल्या. १९१४च्या फेब्रुवारीत संचालकांनी माघार घेतली. मध्ये महायुद्ध आलं, संस्थेचे वर्ग १९२४मध्ये सुरू झाले, आणि ते हिब्रूतून. पुढच्याच वर्षी जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ उघडलं. पुस्तकं आधी की शिकवणं आधी, या वादात त्यांनी शिकवणं आधी घेतलं. अर्थात आज तिथले वैज्ञानिकही आपले शोधनिबंध इंग्रजीतच छापतात, हेही सांगून टाकतो.

हेर्झलला, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाच्या संस्थापकालाच, १८९६मध्ये हे शक्य वाटत नव्हतं. रेल्वेचं तिकीट मागण्याइतकी हिब्रू कुणाला येते, असा त्याचा रोख होता. १९२२मध्ये ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रू अधिकृत भाषा झाली, आणि मग तिकिटावर हिब्रू आलीच. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेन-येहुदा वारला. त्याच्या महाकोशाचे काहीच खंड त्याच्या हयातीत निघाले होते. हेम्दा, मुलगा आणि नंतरचे विद्वान यांनी काम चालू ठेवलं. एकूण १७ खंड, शेवटचा निघाला १९५९ साली. तोवर देश झाला होता, आणि १९५३मध्ये संसदेच्या कायद्यानं जुन्या भाषा समितीची हिब्रू भाषा अकादमी झाली होती.

आता किंमत.

१९०८मध्ये चेर्नोव्हिट्स इथं यिद्दिशची परिषद भरली होती आणि यिद्दिश ही ज्यू लोकांची एक राष्ट्रीय भाषा आहे असं तिथं जाहीर झालं होतं. तेव्हा यिद्दिश लाखो-कोटी लोकांची भाषा होती. तिच्यात रंगभूमी होती, वर्तमानपत्रं होती, कामगार चळवळ होती. हिब्रूवाले तिला 'बोली' म्हणून हिणवायचे. १९२३मध्ये तेल अवीवला विद्यार्थ्यांनी 'भाषारक्षक दल' काढलं. "हिब्रू माणसा, हिब्रू बोल" असे फलक लावले. रस्त्यात कुणी यिद्दिश बोलताना दिसला की त्याला टोकायचे, सभा उधळायचे. १९३०मध्ये एक यिद्दिश चित्रपट दाखवला तेव्हा त्यांनी चित्रपटगृहात दंगा केला. त्या चित्रपटाचं नाव होतं 'माझी ज्यू आई'. हिब्रू विद्यापीठात यिद्दिशच्या अध्यासनाची सूचना १९२७मध्ये आली, तिच्यावर गदारोळ झाला. ते अध्यासन १९५१मध्ये झालं. दरम्यान काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नाझींनी ज्या साठ लाख ज्यूंना मारलं त्यांतल्या बहुसंख्यांची भाषा यिद्दिश होती. रशियात स्टालिनच्या राजवटीनं हिब्रू दडपून यिद्दिशला आधी उचलून धरलं आणि १९५२च्या ऑगस्टमध्ये यिद्दिश लेखकांनाच गोळ्या घातल्या. अध्यासन मिळालं तेव्हा ज्या लोकांची ती भाषा होती ते उरले नव्हते.

नोबेल पारितोषिकांच्या यादीत दोन नावं आहेत. १९६६मध्ये आग्नोन, हिब्रू लेखक. १९७८मध्ये आयझॅक बाशेविस सिंगर, यिद्दिश लेखक. दोघेही मूळचे त्याच पट्ट्यातले, दोघांच्या घरची भाषा यिद्दिशच. एक १९०८मध्ये पॅलेस्टाइनला गेला, दुसरा १९३५मध्ये अमेरिकेला. तरुण विद्यार्थ्यांना मी हे दोघे एकापाठोपाठ वाचायला सांगत असे.

यिद्दिश अगदीच गेली असंही नाही, ती हिब्रूच्या पोटात शिरली. आज इस्रायलमध्ये दोन माणसं भेटली की "मा निश्मा?" म्हणतात. शब्द हिब्रू, अर्थ "काय ऐकू येतंय?" हा यिद्दिश वाक्प्रचार जसाच्या तसा हिब्रू कपड्यांत घातलाय. वाक्यातला शब्दक्रम बदलला, क्रियापदांची काळव्यवस्था बदलली, घशातून येणारे काही वर्ण बहुतेकांच्या तोंडून गेले. गिलाद झुकरमन नावाचे भाषाशास्त्रज्ञ तर म्हणतात की ही जुनी हिब्रू नव्हेच, ही एक मिश्र नवी भाषा आहे, तिला 'इस्रायली' म्हणा. मला हे टोकाचं वाटतं, कारण तिथला शाळकरी मुलगा यशयाचा ग्रंथ हाती घेऊन बराचसा समजून घेऊ शकतो. पण मेलेला माणूस उठून बसला असं जे चित्र आपण रंगवतो, ते त्यांच्या म्हणण्यानंतर तसंच्या तसं ठेवता येत नाही.

आणि त्या भूमीत बहुसंख्येनं बोलली जाणारी दुसरी भाषा होतीच, अरबी. नव्या हिब्रूनं तिच्याकडून धातू घेतले, शिव्या घेतल्या, 'याल्ला' घेतलं. १९४८च्या युद्धात त्या अरबी बोलणाऱ्यांतल्या लाखोंना घरं सोडावी लागली, आणि पुष्कळ गावांची अरबी नावं नकाशावरून जाऊन हिब्रू आली. जी उरली होती त्या अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा २०१८च्या कायद्यानं गेला. हिब्रूचा गौरव करताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. कोकणातले बेने इस्रायली. तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं किहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर. घरात मराठी, कीर्तनं मराठी, हिब्रू प्रार्थनेपुरती. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. म्हणजे बेन-येहुदाच्या जन्माच्या २६ वर्षं आधी मराठी माणूस मराठीतून हिब्रू शिकू शकत होता. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

१९४८नंतर यांतले बहुतेक इस्रायलला गेले. इथं आता काही हजारच उरलेत. तिथं लोद, अशदोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांत त्यांची वस्ती झाली. १९४८ ते ५१ या तीन-चार वर्षांत तिथली ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली होती, आणि येणाऱ्या प्रौढांसाठी 'उल्पान' नावाचे हिब्रूचे सक्तमजुरीसारखे वर्ग काढले होते. त्या वर्गांत मोरोक्कोची अरबी, इराकची अरबी, रुमानियाची यिद्दिश आणि रेवदंड्याची मराठी एकाच बाकावर बसली. पहिल्या पिढीनं घरात मराठी राखली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथून काढलं. नातवंडांची भाषा हिब्रू आहे. त्यांना मराठी असलीच तर आजीच्या सणावारापुरती आहे, म्हणजे पनवेल-पेणमध्ये त्यांच्या पणजोबांना जेवढी हिब्रू होती साधारण तेवढी.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ. आयर्लंडबद्दल कुणीतरी विचारणारच, पण ते मी पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलं आहे.